पत्ता तोच, अर्ज नवा

थायलंडमध्ये दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी सरकारला कळवायचं असतं, की बाबांनो, मी अजून इथेच आहे. घर तेच, पत्ता तोच; ‘टीएम ४७’ अर्ज मात्र नवा.

घरमालकाचा अर्ज वेगळा, ‘टीएम ३०’. १९७९च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३८व्या कलमानुसार परदेशी माणूस घरात उतरल्यापासून २४ तासांत मालकाने वर्दी द्यायची. मालक बहुधा निवांत. ही हयगय उघडी पडते ती भाडेकरू व्हिसाची मुदत वाढवायला खिडकीपाशी पोचल्यावर. टीएम ३०ची पोचपावती? नाही? मग आधी ती आणा!

कायद्याने जबाबदारी मालकाची. हेलपाटे मात्र भाडेकरूचे, आणि बऱ्याचदा दंडही त्याच्याच खिशातून.