सायन्युरिक ॲसिड, आपला मुक्काम कधी हलणार?

प्रति,
मा. सायन्युरिक ॲसिड ऊर्फ स्टॅबिलायझर,
मु. पो. आमच्या अंगणातला स्विमिंग पूल, नाशिक



पूलचं पाणी हिरवं पडलं की सगळे क्लोरीनच्या नावानं शंख करतात आणि आपण नामानिराळे राहता. या साळसूदपणाला दाद द्यावी, म्हणून हे पत्र.

आपले उपकार आम्ही नाकारत नाही. क्लोरीनला ऊन सोसत नाही. आपण सोबत नसाल तर एप्रिलच्या दुपारी तासाभरात तो निम्म्यावर येतो. आपण धरून ठेवलंत की दिवसभर टिकतो. लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम एवढी आपली हजेरी पुरते, असं जाणकार सांगतात. तेवढ्यावर थांबला असतात तर हारतुरे घेऊन आलो असतो.

पण आपण कधी सरळ दारानं आलाच नाहीत. दुकानात क्लोरीनच्या गोळ्यांचा पांढरा डबा मिळतो, वर ‘टीसीसीए ९०’, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, असं छापलेलं. ‘नव्वद टक्के क्लोरीन आहे, साहेब,’ दुकानदार छातीठोकपणे सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण उरलेल्या दहा टक्क्यांत कुठेतरी अंग चोरून बसला असाल. प्रत्यक्षात नव्वद हा आकडा ‘उपलब्ध क्लोरीन’ मोजण्याच्या रसायनशास्त्रातल्या रिवाजाचा. गोळीचं निम्म्याहून जास्त वजन आपलंच. दोनशे ग्रॅमची गोळी विरघळली की सुमारे ११० ग्रॅम सायन्युरिक ॲसिड पाण्यात उरतं. आमचा पूल २२ हजार लिटरचा. म्हणजे दर गोळीमागे लिटरला ५ मिलिग्रॅमची भर. क्लोरीन जंतू मारतो, उन्हात उडतो, संपतो. आपण संपत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हाही आपण जागचे हलत नाही. पागडीचा भाडेकरू परवडला. त्याच्यासाठी निदान १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा तरी आहे.

आपली हजेरी दीडशेवर गेली की खरी मौज सुरू होते. चाचणीच्या किटमधलं पाणी पिवळं होतं, आकडा दाखवतो क्लोरीन ३, सगळं आलबेल. पण त्यातला बहुतेक क्लोरीन आपल्या मिठीत, कामाला मोकळा किती? दीडशेच्या हजेरीत शेवाळाला आवर घालायचा तर क्लोरीन ११ च्या आसपास हवा. इकडे कोपऱ्यातल्या टाइलवरून बोट फिरवलं की बुळबुळीत. पूलवाला ब्रश मारता मारता म्हणतो, ‘अजून दोन गोळ्या टाकू, साहेब.’ टाका! आपल्याला लिटरमागे आणखी दहा मिलिग्रॅमचा नजराणा.

क्षारतेच्या हिशेबातली आपली अफरातफर तर कौतुकास्पदच. पीएच ७.५ च्या आसपास असला की आपल्या आकड्याचा साधारण एक तृतीयांश भाग क्षारतेच्या चाचणीत गुपचूप मिसळतो. किट ९० दाखवतं, त्यातले पन्नास आपले. खरी क्षारता चाळीसच. त्यात गोळी आम्लधर्मी, त्यामुळे पीएच घसरतो आणि पाणी टाइलांमधला ग्राउट खायला लागतं. मिस्त्री येतो, सिमेंटला नावं ठेवतो. आपण पुन्हा निर्दोष.

आपल्याला पकडण्याची युक्ती मात्र साधी आहे. पूलचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण एकत्र हलवलं की पांढुरका गढूळपणा येतो. ते मिश्रण तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. पातळीसमोरचा आकडा आपला. आमच्या नळीत तो शंभराच्या खुणेपर्यंत ओतण्याआधीच गायब झाला. मग नमुन्यात तेवढंच साधं पाणी घालून पुन्हा मोजलं आणि आकडा दुप्पट केला. निघाले दीडशे.

आपल्याला घालवायला घरच्या पूलमध्ये पाणी बदलण्यावाचून इलाज नाही. दीडशेचे पन्नास करायचे तर दोन तृतीयांश पाणी सोडावं लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचा जवळपास दीड टँकर. येवल्यात, सुरगाण्यात टँकरच्या वाटेवर हंडे रांगेत असताना आम्ही ते गटारात सोडावं, अशी आपली अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. पावसाळ्यापर्यंत राहा. इगतपुरीच्या घाटात असता तर श्रावणाआधीच वाहून गेला असतात. आमच्याकडे पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तरी बराच भार हलका होईल. दर जूनला पूलवर ताडपत्री ओढून आपलं पावसापासून रक्षण करण्याचा प्रघात या वर्षापासून बंद. पंप चालू राहील, पाणी ओसंडून वाहील, त्याबरोबर आपणही निघायचं.

गोळ्यांचा डबा परत गेला आहे. यापुढे रोज संध्याकाळी मोजून लिक्विड हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण. त्यात आपल्याला जागा नाही.

आपला,
एक घरमालक

ता. क. वाचकांसाठी: पूलवाल्याला फक्त ‘क्लोरीन किती?’ विचारू नका, ‘सायन्युरिक किती?’ हेही विचारा. आणि टीसीसीएच्या गोळ्या व ब्लीचिंग पावडर एका डब्यात किंवा एकाच मापानं कधी हाताळू नका; दोन्ही एकत्र आल्यास आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो.