पोटखराबातला नाताळ

आमच्या वाशीम जिल्ह्याचे समुद्राशी असलेले नाते भरणा करणाऱ्याचे आहे. वसुलीचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा जो फाटा आमच्या भूमीवरून जातो, त्याच्या उत्तर उतारावर पडलेला पावसाचा थेंब काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीच्या संगतीने सुरतेजवळ अरबी समुद्राला रुजू होतो, तर त्याच्यापासून हातभर दक्षिणेला पडलेला त्याचाच सख्खा भाऊ पैनगंगेच्या हवाली होऊन वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी एकेक कचेरी हिंडत अखेर बंगालच्या उपसागरात दाखल होतो. दोन दोन सागरांना असा बिनतक्रार सारा भरणाऱ्या या मुलखातील रयतेने स्वतः किनारा गाठण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या वत्सगुल्म नगरीत लावून दिला ती आमचीच वाशीम, पण ते नवपरिणीत जोडपेदेखील मंगलकार्य आटोपल्यावर हिमालयाकडे परतले. आमच्या नगरीत वऱ्हाड येते आणि जाते. किनाऱ्याकडे कोणी फिरकत नाही.

हा प्राचीन पायंडा मोडण्यास कारण झाले आमचे एक कोकणी स्नेही. हे गृहस्थ वेंगुर्ल्याचे. सरकारी हुकूम झाला म्हणून कोषागारातील नोकरीवर वाशीमला आले आणि अनेक वर्षे आमच्यात काढून, तुरीचे वरण व ज्वारीची भाकरी यांवर शरीर व संताप दोन्ही पोसून, सेवानिवृत्तीनंतर स्वग्रामी परतले. वाशीमला असताना पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसले की ते पाण्याकडे पाहून एक दीर्घ निःश्वास सोडीत आणि म्हणत, “तुमच्या वाशिमाक सगळां आसा, फकत दर्या नाय.” परतल्यावर त्यांच्या निमंत्रणाच्या चिठ्ठ्या दरवर्षी नाताळच्या सुमारास येत, आणि आम्ही त्या आदराने वाचून दफ्तरी दाखल करीत असू. वास्तविक कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत, आणि अकोल्यापासून खातेफोड होऊन आमचा जिल्हा स्वतंत्र झाला तो त्याच वर्षी १ जुलैला. पण एकाच साली जन्मलेल्या या दोघांची परस्परांशी ओळख करून देणारा मध्यस्थ कोणी निघाला नव्हता.

अखेर आम्ही चौघे निघालो. दिवाणी दाव्यांत केस पांढरे केलेले वकीलसाहेब, माळकरी मास्तर, रिसोडकडचे बागाईतदार भाऊ आणि महसूल खात्यात हयात घालवलेला प्रस्तुत लेखक. डिसेंबरअखेरच्या वाशीमचा ज्यांना अनुभव आहे त्यांना आमच्या सामानाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पहाटे शेकोटीपासून उठवत नाही आणि अंघोळीच्या पाण्यातून हात काढवत नाही अशा हवामानातून आम्ही प्रस्थान ठेवले असल्याने प्रत्येकाजवळ स्वेटर, मफलर व कानटोपी हा किमान ऐवज होता. वकीलसाहेबांनी तर एक घोंगडी साक्षीदारासारखी बरोबर बाळगली होती. “नाताळ म्हणजे थंडी, हे साहेबाच्या काळापासून चालत आलेलं आहे,” असा त्यांचा निर्वाळा होता.

कुडाळ स्थानकावर उतरताच हा दावा खर्चासह फेटाळला गेला. मफलर कुडाळात उतरला, कानटोपी एस.टी.त, आणि वेंगुर्ल्याच्या स्थानकावर स्वेटर काखोटीला मारून आम्ही उभे राहिलो तेव्हा आमचे यजमान बनियनवर आमच्या स्वागताला आले होते. कोकणपट्टीत थंडीच्या दिवसांत मतलई वारे जमिनीकडून वाहतात, समुद्राकडून येणारा खारा वारा दुपारपर्यंत ताटकळवितो, आणि तोवर पारा बत्तीस-तेहतीस अंशांवर सहज जाऊन बसतो, असे मास्तरांनी घाम पुशीत आम्हांस समजावून दिले. भूगोल हा विषय ते तीस वर्षे शिकवीत होते. तो अंगावर आल्याचा प्रसंग हा पहिलाच. ऑस्ट्रेलियात नाताळ भर उन्हाळ्यात येतो, ही माहितीही त्यांनी पुरवली. तिथल्या लोकांनी लाल लोकरीच्या झग्यातल्या त्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचे काय केले असेल, या विचाराने भाऊंना खरोखरच वाईट वाटले.

संध्याकाळी बंदरावर गेलो. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, तिचे भग्नावशेष यजमान दाखवू इच्छीत होते; पण आमचे लक्ष इतिहासावरून उडून समोरच्या वर्तमानावर खिळले. प्रथमदर्शनी मनुष्य काय बोलतो यावरून त्याचे गाव ओळखावे. आयुष्यभर एकबुर्जी जलाशयातील साठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रातून वाचत आलेल्या वकीलसाहेबांनी क्षितिजापर्यंत नजर फिरवून अत्यंत गांभीर्याने विचारले, “सध्या किती टक्के भरला आहे?” भाऊंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतले, तितक्याच तातडीने परत केले, आणि म्हणाले, “येवढं पानी, अन् घोटभर प्यायच्या कामाचं नाही बाप्पा!”

माझी अवस्था याहून नाजूक होती. ज्याने उभा जन्म सातबाराच्या रकान्यांत जमीन बसविली, त्याला जे रकान्यात बसत नाही ते पाहून अस्वस्थता येते. हे जिरायत नव्हे; बागायत म्हणावे तर पीक दिसत नाही. पाय बुडत होते ती वाळू तासाभरात कोरडी पडली, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो पुन्हा पाण्याखाली. दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणाऱ्या क्षेत्राचा पंचनामा कोणत्या वेळी करावा? बराच विचार करून मी समुद्राची नोंद मनातल्या मनात ‘पोटखराब’ या सदरी घेतली; लागवडीस अयोग्य अशा जमिनीसाठी आमच्या खात्याने ते सदर फार दूरदृष्टीने ठेवलेले आहे. यजमानांना हा निर्णय सांगितला तेव्हा ते प्रथमच दुखावल्यासारखे दिसले. त्याच वेळी किनाऱ्यावर रापण ओढली जात होती, जाळ्याचे दोन्ही दोर धरून माणसांच्या दोन रांगा मागे मागे सरत होत्या, आणि जाळे वाळूवर आले तेव्हा त्यात चांदीसारखे बांगडे उसळत होते. “ह्यां तुमचां पोटखराब!” ते म्हणाले. मी फेरफार करण्याचे आश्वासन दिले.

जेवणाविषयी थोडक्यात इतकेच, की मास्तरांनी माळ सांभाळून सोलकढीच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या, आणि बाकीच्यांनी कोणता मासा खाल्ला हे आपापल्या घरी सांगायचे नाही असे ठरले.

चोवीस तारखेच्या रात्री यजमानांनी आम्हांस शेजारच्या ख्रिस्ती बिऱ्हाडी नेले. वाटेत त्यांनी गावाचा अभिमान म्हणून सांगितले, की इथल्या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांकडे १९१९ साली जन्मलेला रॉबर्ट गोहीन हा मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि त्यानंतर अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. वकीलसाहेबांनी तत्काळ त्यास वेंगुर्ल्याचा मूळ रहिवासी घोषित केले. शेजारी दारात कागदी नक्षत्र टांगलेले होते, छताचा पंखा पूर्ण वेगाने फिरत होता, आणि कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा मांडला होता. गोठा म्हटल्यावर भाऊ पुढे झाले. त्यांनी मातीच्या बैलाची खांदेबांधणी पाहिली, शिंगे पाहिली, पेंढा चिमटीत धरून पाहिला, आणि “कडबा नाही का टाकत इकडे?” अशी विचारणा केली. गृहिणीने नम्रपणे सांगितले, की इकडे भाताचा पेंढाच मिळतो.

गोठ्याशेजारी सुरूची एक फांदी कुंडीत रोवून नाताळचे झाड केले होते, आणि तिच्यावर बर्फ दिसावा म्हणून ठिकठिकाणी कापसाचे पुंजके ठेवलेले होते. भाऊ त्या फांदीपुढे थबकले. त्यांनी एक पुंजका अलगद उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढला, दिव्यापुढे नेऊन त्याची लांबी निरखली, आणि घरातील तरुण मुलाकडे वळून विचारले, “कोन्या भावानं घेतला?” मुलाने तो औषधांच्या दुकानातील पुडक्याचा असल्याचे सांगून किंमत कळविली. भाऊंनी मनात हिशेब केला असावा, कारण क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर, एका क्विंटलला हा भाव मिळाला तर, अशी एक प्रभा उजळून गेली. मग त्यांनी तो बर्फ जागेवर ठेवला आणि पुढे आलेल्या थाळीतली नेवरी उचलली. घरच्या आजीबाईंनी परदेशी पाहुणे समजून आम्हांस दोदोलाचा तुकडा अगोदर दिला. आम्ही विदर्भातून आलो हे कळल्यावर दुसरा दिला.

परतताना यजमानांनाच हुरड्याला घेऊन जायचे ठरले. वाशीमची अनेक वर्षे त्यांनी पचविली असल्याने त्यांना काही सुचविणे आम्हांस आगाऊपणाचे वाटले. ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर, हातात सुक्या बांगड्यांचे पुडके घेऊन, प्रसन्न चित्ताने गाडीत बसले. नाशिक मागे पडले तसे त्यांनी खिडकी लावून घेतली. भुसावळला ते बोलेनासे झाले. अकोल्याच्या फलाटावर पहाटे उतरलो तेव्हा त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते, आणि त्या आवाजातून मालवणी व मराठी वेगळी काढणे मास्तरांनाही साधले नाही. वकीलसाहेबांनी कोकणभर वागवलेली घोंगडी सावकाश सोडली, झटकली आणि त्यांच्या खांद्यावर टाकीत म्हणाले, “घ्या साहेब. साक्षीदार उशिरा का होईना, हजर आहे.”