सिबिल बघून मग पुढचं बोलू

फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला एक ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, बैठका झालेल्या. अशात मुलीच्या मामांनी मुलाचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा अहवाल, बघायला मागितलं. बऱ्याच ठिकाणची कर्जं आणि तळाला गेलेला स्कोअर दिसला, आणि सोयरीक तिथेच थांबली. एरवी मामाचं काम नवरीला अंतरपाटापाशी आणून उभं करण्याचं. या मामांनी अंतरपाट कपाटातून बाहेरच येऊ दिला नाही.

गंमत अशी की, कायद्याच्या दृष्टीने मामाला हा अहवाल परस्पर बघण्याचा काही अधिकार नाही. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा, अमलात आला २००६ च्या डिसेंबरात. तुमचा अहवाल कोण मागवू शकतं, याची यादी त्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे. बँका आहेत, वित्तसंस्था आहेत, विमा कंपन्या आहेत, शेअर दलाल आहेत, मोबाइल कंपन्यासुद्धा आहेत. मामा नाहीत. पोस्टपेड कार्ड देणाऱ्याला जे बघता येतं ते मुलगी देणाऱ्याला बघता येत नाही, ही त्रुटी संसदेच्या लक्षात आलेली दिसत नाही.

लोक ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात ती २००० साली मुंबईत निघालेली कंपनी. पुढे ती ट्रान्सयुनियन या अमेरिकी कंपनीच्या ताब्यात गेली. तिच्या जोडीला इक्विफॅक्स, एक्स्पिरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तिघी आहेत. चौघींच्या चार वह्या, प्रत्येकीचं गणित वेगळं, त्यामुळे एकाच माणसाचे चार ठिकाणी चार स्कोअर निघू शकतात. गुण ३०० पासून सुरू होतात आणि ९०० ला संपतात.

या वह्यांत मजकूर भरायचं काम कर्ज देणाऱ्यांचं. ते त्यांच्या मर्जीवर नाही, कायद्यानेच बंधनकारक आहे. पूर्वी महिन्यातून एकदा माहिती जायची. १ जानेवारी २०२५ पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. हप्ता किती दिवस थकला, हे महिन्यागणिक चौकटीत लिहिलेलं असतं. वेळेवर भरला की तीन शून्यं. आयुष्यात शून्य मिळाल्याचा आनंद व्हावा अशी ही एकमेव जागा. मात्र मुदत ठेवी किती, गावाकडे जमीन किती, याची त्यात एक ओळ नसते. वहीला तुमच्या पैशात रस नाही. तुमच्याकडे असलेल्या दुसऱ्याच्या पैशात आहे.

म्हणूनच प्रत्येक सोसायटीत आढळणाऱ्या निवृत्त मास्तरांची पंचाईत होते. मास्तरांनी जन्मात कर्ज काढलेलं नसतं. फ्रीजसुद्धा पैसे साठवून, रोखीने, आणि तोही उन्हाळा संपल्यावर. नातवाच्या हट्टाने ते सिबिल काढतात आणि स्कोअरच्या जागी उणे एक येतो. उणे एक म्हणजे नापास नव्हे, नोंदच नाही, असं नातू समजावतो. ज्यांनी हजारोंना गुण दिले त्यांना एखाद्या विषयात शून्याच्याही खाली बसावं लागलं, हे दुःख त्याला कळण्यासारखं नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला ‘नोंद नाही’ एवढ्याच कारणाने नकार देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. पण मास्तरांना कर्ज नकोच आहे. त्यांना गुण हवे आहेत.

खरा घात जामीनदाराचा. मेहुण्याच्या कर्जाला सहकारी बँकेत चहा पितापिता सही केलेली असते. ते कर्ज ‘जामीनदार’ या शिक्क्यासह सही करणाऱ्याच्याही अहवालात बसतं, आणि मेहुण्याचे हप्ते थकले की ती थकबाकीही तिथे उगवते. मेहुणा दिवाळीला येतो तेव्हा याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आणि सहीसुद्धा न करता कर्जबाजारी होता येतं. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव याने जाहीरपणे सांगितलं, की त्याच्या पॅन कार्डावर कोणीतरी अडीच हजारांचं कर्ज उचललं आणि त्यामुळे त्याचा स्कोअर बिघडला. चोराच्या माफक अपेक्षेचं कौतुकच करायला हवं. पण वहीने हा माणूस कोण, अडीच हजारांसाठी तो कशाला हात पसरेल, असा विचार केला नाही. पॅन जुळला, नोंद झाली.

एकदा नोंद झाली की ती भलतीकडेच हजर होते. बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराचं सिबिल तपासलं जातं. म्हणजे नोकरी नाही म्हणून हप्ता थकला, आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही. शेतकऱ्यांचं तर बोलायलाच नको. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत, पीककर्जासाठी सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू, असा दम खुद्द मुख्यमंत्री फडणवीसांनी बँकांना दिला. आदल्या वर्षीही असाच इशारा देऊन झाला होता.

माहिती जाते ती ठरल्या वेळी, बिनबोभाट. चूक दुरुस्त होऊन परत यायची तर मात्र बँक म्हणते कंपनीकडे जा, कंपनी म्हणते बँकेकडून कळू द्या. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना प्रत्येकी पाव कोटीच्या आसपास दंड केला. तक्रारी तीस दिवसांत निकाली न काढणं हे त्यामागचं एक कारण. पुढे एप्रिल २०२४ पासून नवा नियम आला. तीस दिवसांत चूक सुधारली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला तक्रारदाराला शंभर रुपये.

हे ऐकून मास्तर ताठ बसतात. रोजचे शंभर म्हणजे वर्षाचे छत्तीस हजार पाचशे. सात टक्क्यांनी एवढं व्याज मिळायला पाच लाखांच्या वर ठेव लागते, आणि इथे भांडवल म्हणून लागते फक्त एक चुकीची नोंद. आपल्या अहवालात काहीच नसल्याचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटतं. नातू बारीक अक्षरातलं कलम वाचून दाखवतो : भरपाई खात्यात येते ती तक्रार सुटल्यावर, पाच कामकाजाच्या दिवसांत. तक्रार सुटेपर्यंत एक पैसा नाही.

मास्तर थोडा विचार करतात आणि त्यावर टीडीएस कापतात का, हे विचारून यायला नातवाला बँकेत पिटाळतात.