समोरच्यांच्या धाकट्याचं नवीन खूळ

अहो वहिनी, जरा कंपाऊंडजवळ या की. ओरडून सांगण्यासारखं नाही. ऐकलंत का? समोरच्यांच्या धाकट्यानं पुण्याची नोकरी सोडली! सरळ रिझाइन देऊन आलाय. तेवढं पॅकेज, हिंजवडीला फ्लॅट, मुली बघायला सुरुवात झालेली... आणि आता म्हणतोय काय, तर चंदगडला आजोळी जाऊन काजूच्या बोंडांची दारू गाळणार!

हळू, हळू. शेजारच्या अक्का अंगणातच आहेत.

मी होते ना तिथंच, वाटी परत द्यायला गेलेली. पोरगं बोललं आणि आईच्या हातातली कपबशी हातातच राहिली. वडिलांनी तोंडासमोरचा पेपर काही खाली घेतला नाही, पण पान उलटायचं थांबलं हो. आणि नेमक्या अक्का आत आल्या. त्यांच्याकडं मधसुद्धा चालत नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. त्यांचा चेहरा असा काही पडला म्हणता... मला आतल्या आत हसू दाबता दाबता पुरेवाट.

"आजोबा गाळायचेच की," म्हणाला पोरगा. आई लगेच, "ते औषधापुरतं होतं!" बघा, आलं का बाहेर? इतकी वर्षं आपल्याला सांगायचे, आजोबांची काजूची बाग. बागेच्या कडेला भट्टी होती हे आत्ता कळलं.

तर काय सांगत होते... हां, वडील शेवटी पेपराआडूनच बोलले, "आधी पलूसच्या वाइन पार्कचं काय झालं ते बघून ये." बास, एवढंच.

पण पोरगं कसलं ऐकतंय! त्याच्या डोक्यात गोव्याचा तो हॅन्सेल वाझ बसलाय. मडगावचे वाझ हो, फेणीवाले. वडिलांची डिस्टिलरी, 'बिग बॉस' नावाची फेणी त्यांचीच. (टीव्हीवरचा नव्हे, बाटलीतला.) मुलगा शिकला जिऑलॉजी, आणि दगडधोंडे सोडून वळला घरच्या फेणीकडं. 'काजुलो' म्हणून ब्रँड काढलाय. कुंकळ्ळीला पोर्तुगीज पद्धतीच्या त्या पोट सुटलेल्या काचेच्या बरण्या जमवून फेणीचं तळघर केलंय म्हणे. आणि टेस्टिंग कुठं, तर पोफळीच्या बागेत, झऱ्याच्या पाण्यात टेबल-खुर्च्या मांडून! घोट्यापर्यंत पाय पाण्यात, हातात पेला. समोरचा धाकटा जाऊन आलाय ना, फोटो दाखवत होता. मोठ्या सुनेनं फोन हातात घेतला तो बराच वेळ परत दिला नाही. मी आपली बघत होते.

आणि करतात कशी, तेही तोंडपाठ. बोंडं झाडावरून तोडायची नाहीत, पिकून आपली आपण पडली की वेचायची. बिया पिळून बाजूला काढायच्या, बोंडं पायानं तुडवून रस काढायचा. मग दोन-तीन दिवस आंबवायचं. ना यीस्ट, ना साखर. पहिल्या गाळपाची ती उर्राक, उन्हाळ्यात गोव्याचे लोक लिंबू-मिरची घालून पितात ती. ती पुन्हा गाळली की फेणी. मला सांगा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी काजू आणला आणि गोव्यानं त्याचं एवढं केलं. 2009 साली जीआय मानांकन मिळवलं, 2016 ला सरकारनं हेरिटेज दारू करून टाकली. आमच्या आजरा-चंदगडात बिया घेतात आणि बोंडं झाडाखाली सडतात. यात मात्र पोरगं खोटं बोलत नाही हं.

गंमत ऐका. 2022 ला आपल्या सरकारनं काजूबोंडाच्या आणि मोहफुलाच्या दारूला 'देशी'तनं काढून 'विदेशी'त टाकलं. बोंडं चंदगडची, भट्टी चंदगडची आणि दारू विदेशी! हे ऐकल्यावर मात्र वडिलांचा पेपर खाली आला.

"नाशिकच्या सामंतांना तरी कोण शहाणं म्हणत होतं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. राजीव सामंत हो, सुलावाले. अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून घरच्या जमिनीवर आले. आंबे झाले, गुलाब झाले, सागवान झालं, मग 1997 ला वाइनची द्राक्षं लावली. आईचं नाव सुलभा, म्हणून सुला. आता दारूच्या बाटलीवर आपलं नाव बघून त्या माउलीला काय वाटलं असेल... मी ते सहज म्हटलं, तर समोरच्या वहिनी एकदम चपापल्या. "माझं नाव नाही हं घालायचं!" म्हणाल्या. म्हणजे बघा, दारूला होकार झालाच की! नावावरच अडलंय फक्त.

लग्नाचं तेवढं अवघड झालंय. कुरुंदवाडचं स्थळ गेल्यात जमा. मुलाचा व्यवसाय काय सांगायचा? 'फळप्रक्रिया' सांगा, असं मीच सुचवलं.

आणि अक्का? काल संध्याकाळी फाटकाशी गाठलं मला. आजूबाजूला बघितलं, पदर सावरला. म्हणाल्या, "ती गोव्याची अनंतमूळ घातलेली असते बघा, दुकशिरी का काय... ती गुडघ्याला चोळली तर चालतं का हो? प्यायची नाही, नुसती चोळायची."