मना नंबर कव्हय लागी?

धरणगावात आबांच्या ओट्यावर बसलं की विषय दोनच असायचे, कापसाचा भाव आणि ठिबकची सोडत. ठिबकच्या अनुदानासाठी आबांनी अर्ज केला, त्याला तिसरा पावसाळा लागला. 2025 पर्यंत ही सोडत संगणकावर निघायची, निकाल मोबाइलवर यायचा. शेजारच्यांना आला. आबांना यायचे ते रिचार्ज संपल्याचे निरोप. "मना नंबर कव्हय लागी?" असं ते मलाच विचारायचे, कारण मी कधीकाळी संगणक शिकलो.

"आबा, यंत्र तोंड बघून देत नाही."

"तोंड दखत नही, मंग मालेच कसं बरोबर सोडी देस?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते आबांना सांगावं की नाही, हा पेच. संगणक हुकमाचा ताबेदार. वाटेल तो आकडा काढायला आधी काहीतरी वाटावं लागतं, आणि तीच त्याची अडचण. म्हणून साधा प्रोग्रॅम एक मूळ आकडा घेतो, त्याला गुणतो, त्यात मिळवतो, भागून बाकी ठेवतो आणि त्या बाकीवर पुन्हा तेच गणित करतो. आकड्यांची रांग बघणाऱ्याला विस्कटलेली दिसते. पण मूळ आकडा तोच दिला, तर अख्खी रांग जशीच्या तशी पुन्हा उगवते. त्या आकड्याला म्हणतात सीड. म्हणजे बियाणं.

बियाणं म्हटल्यावर आबा सावरून बसले. "म्हनजे कोनतं बी पेरं ते ज्याले माहीत, त्याले पीक आगुदरच माहीत!"

इतकं नेमकं मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेत हेच झालं. एडी टिप्टन हा तिथल्या लॉटऱ्यांच्या संघटनेचा सुरक्षाप्रमुख. आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यानं अशा ओळी दडवल्या, की वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना त्याला आकडे आधीच ताडता येत. 2010 मध्ये त्यानं आयोवात घेतलेल्या तिकिटाला 1 कोटी 65 लाख डॉलरचं बक्षीस लागलं. तिकीट घेताना तो दुकानाच्या कॅमेऱ्यात सापडला, ती रक्कम हाती लागलीच नाही, आणि 2017 मध्ये 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. कुंपणानं शेत खाल्लं, दुसरं काय.

उलट ब्रिटनमध्ये बचत-रोख्यांची सोडत 1957 पासून 'अर्नी' नावाचं यंत्र काढतं. पहिल्या अर्नीत आकडे यायचे ते निऑनच्या नळ्यांतल्या विजेच्या खळबळीतून. तिथे बी पेरायची सोयच नाही, नुसतं रानगवत!

आबांना मात्र तिसरीच गोष्ट आवडली. मुंबईत आकड्याचा जुगार आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेनं येणाऱ्या उघडत्या-मिटत्या भावांवर लागायचा. ते बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, आणि त्याचा मटका झाला. कापसाचा भाव म्हणजे जुगार, हे आबा आम्हाला कधीपासून सांगतायत.

त्यांचा विश्वास अजून चिठ्ठीवरच. नगरपालिकेच्या आरक्षणाची सोडत शाळकरी पोराच्या हातून निघते. पोराचा हात तरी दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्तेही आबा स्वतःच पिसतात.

यंदा त्याच आखाजीला त्यांनी ठिबक रोखीनं आणलं. अर्ज मागे घेतलेला नाही.