पोचल्याचा फोन

आमच्या आजीच्या ट्रंकेत पोस्टकार्डांचा एक गठ्ठा होता. वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली पत्रं, पण मजकूर जवळपास एकच. 'सुखरूप पोचलो. गाडीला गर्दी फार. लाडू मोडले.' हे पत्र घरी यायला चार दिवस लागत. कधी कधी माणूस परत येऊन पोहे खात बसलेला असे आणि पोस्टमन त्याच्याच हातात त्याच्या सुखरूपतेची बातमी ठेवून जाई. मधले चार दिवस आजी काय करत असेल? काही नाही. पोचला असेल, असं धरून चालायची.

आता तसं धरून चालणारं कुणी उरलेलं नाही. बायकोच्या मोबाइलवर माझा एक निळा ठिपका फिरत असतो. परवा लोकल सिग्नलला थांबली तर फोन आला, "जोगेश्वरीच्या अलीकडे दहा मिनिटं काय करताय?" मी काहीच करत नव्हतो. तिघांच्या सीटवर चौथा म्हणून बसलो होतो, म्हणजे निम्मा बसलो होतो.

पण तिची चूक नाही. जोगेश्वरी हे आमच्या घरात नुसतं स्टेशनाचं नाव नाही.

11 जुलै 2006, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, अकरा मिनिटांत, पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. आमचा रोजचा घरी जायचा रस्ताच. माणसं गेली दीडशेच्या वर, जखमींचा आकडा सातशेच्या पुढे. त्यानंतर वर्षभर मला असा एक तरी माणूस रोज भेटे, ज्याची नेमकी ती गाडी त्या दिवशी चुकली होती. सगळ्यांचे हिशेब खरे धरले तर त्या सात गाड्यांत एरवी अर्धी मुंबई मावत असली पाहिजे. माझी गाडी वगैरे काही चुकली नाही. मी ऑफिसात एका सहीसाठी ताटकळत होतो. पुढे बराच वेळ चालत, मग एका टेम्पोत उभा राहून, रात्री दीडला बोरिवलीला पोचलो. वाटेत अनोळखी लोकांनी पाणी दिलं, ग्लुकोजची बिस्किटं दिली. फोन कुणाचाच लागत नव्हता. दार उघडलं तर आई फोनशेजारी बसलेली. मी समोर उभा आहे हे दिसत असूनही तिने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, टोन आहे ना ते पाहिलं, आणि म्हणाली, "एक फोन करता येत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या चालू झाल्या आणि आम्ही कामावर गेलो. पेपरांनी याला मुंबईचं स्पिरिट म्हटलं. आमच्या ऑफिसात 'आज लेटमार्क लागणार नाही' असं सर्क्युलर अकरा वाजता फिरलं. तोवर सगळे साडेनऊच्या ठोक्याला मस्टरवर सह्या करून बसले होते.

भीती खरी कळली ती ऑगस्टात, आणि तीही एका कुकरमुळे.

गणपती आठवड्यावर आले होते. घरातला पाच लिटरचा कुकर दादरला दुरुस्तीला टाकला होता. नवं हँडल, नवी गॅसकेट, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो संध्याकाळी घेऊन ये, असा हुकूम होता. मी घेतला, रेक्झिनच्या पिशवीत घातला, आणि बोरिवली फास्टमध्ये शिरलो. म्हणजे मागच्या लोकांनी मला शिरवलं. पिशवी हातोहात रॅकवर गेली आणि मी तिच्यापासून दोन माणसं लांब जाऊन अडकलो. त्या दिवसांत पेपरांत रोज तपासाच्या बातम्या येत होत्या, आणि बॉम्ब कुकरमध्ये ठेवले होते असं त्यांत छापून येत होतं. हे मला माहीत होतं. डब्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त दादरच्या दुकानातून निघताना माझ्या डोक्यात कुकर हा कुकरच होता.

वांद्रं गेलं आणि रॅकखालच्या गृहस्थांनी वर बघत विचारलं, "ही पिशवी कुणाची?"

लोकलमध्ये हा प्रश्न पूर्वीही विचारत. तेव्हा त्याचा अर्थ 'जरा सरकवा, माझा डबा ठेवायचाय' एवढाच असे.

"माझी," मी म्हणालो.

"काय आहे आत?"

"कुकर."

संध्याकाळची बोरिवली फास्ट, अंधेरीच्या आधी, आणि माझ्याभोवती चहूबाजूंनी दीड फूट मोकळी जागा. मुंबईत एवढी जागा मला त्याआधी मिळाली नव्हती आणि त्यानंतरही मिळालेली नाही. लोक एकमेकांत इतके दाबले जाऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "उघडून दाखवा." पिशवी परत हातोहात आली, या खेपेला बरीच हळुवार. मी झाकण फिरवायला गेलो तर ते फिरेना. गॅसकेट नवी, घट्ट बसलेली. माझ्या हाताला घाम. मागून एकजण पुटपुटला, "जाऊ दे, जाऊ दे, नका उघडू."

शेवटी ते निघालं. आत बायकोने सांगितलेली मोदकांची तांदळाची पिठी आणि कागदाच्या पुडीत दोन जायफळं. मघाच्याच गृहस्थांनी वाकून वास घेतला. "आंबेमोहोर?" मी हो म्हणालो. "कशी दिली?" मग एकाला शंका आली, "शिट्टी कुठाय?" ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी काढून दाखवली आणि डबा हसला. अंधेरी येईपर्यंत उकड फुटू नये म्हणून काय करावं याचे तीन सल्ले मला मिळाले होते. त्यातला दुधाचा सल्ला आम्ही अजून पाळतो.

दाराजवळ एक दाढीवाला, गोल टोपीतला तरुण मुलगा उभा होता. तो हसला, पण सगळ्यांच्या नंतर. त्याची बॅग त्याने छातीशी धरली होती आणि तिची चेन पूर्ण उघडी ठेवली होती, आतला जेवणाचा डबा आणि वही दिसेल अशी. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी संशयित होतो वांद्रे ते अंधेरी. तो कुठून कुठपर्यंत होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्याच ऑगस्टात लंडनला विमानं पाडण्याचा कट पकडला गेला. पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव न्यायचं असं ठरलं होतं म्हणे. तेव्हापासून विमानात 100 मिलीपेक्षा मोठी बाटली जवळ ठेवायची म्हणजे पंचाईत. त्याआधी, डिसेंबर 2001 मध्ये, एकजण बुटात स्फोटक घालून पॅरिसहून मायामीच्या विमानात चढला. त्याला काही ते पेटवता आलं नाही, पण पुढे कित्येक वर्षं लोक विमानतळांवर बूट काढून मोज्यांची भोकं दाखवत राहिले. आपल्याकडे हातातल्या बॅगेत मिरचीचं लोणचं चालत नाही आणि सुकं खोबरं तर सामानातही नको म्हणतात, कारण ते पेट घेतं. खोबरं वजा केलं तर मराठी माणसाच्या बॅगेत उरतं काय?

भीतीचा हिशेब मात्र कच्चा असतो. मुंबईच्या लोकलवर रूळ ओलांडताना, दारातून पडून, अशी दर वर्षी दोन हजारांवर माणसं जातात. त्यांच्यासाठी कुणी रॅककडे बघत नाही. मीसुद्धा अंधेरीला जिना चढायचा कंटाळा करून रूळ ओलांडले आहेत, आणि मग गाडीत बसून समोरच्याच्या सॅककडे संशयाने पाहिलं आहे.

धरून चालायची रीत आजीच्याही आधीची. वरसईचे गोडसे भटजी 1857 साली ग्वाल्हेरकडे निघाले ते दक्षिणा मिळवायला. घरचं कर्ज फेडायचं होतं. वाटेत महूजवळ शिपायांनी सांगितलं, आता दंगा उसळणार आहे. तरी हे पुढे गेले. झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. निळा ठिपका नाही, काही नाही. ते दिवस त्यांच्या आईवडिलांनी कसे काढले, याचं पुस्तक कुणी लिहिलेलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमची आत्या. वय 74, मुक्काम डोंबिवली. गेल्या वर्षी मे महिन्यात तिचं काश्मीरचं बुकिंग होतं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामच्या बैसरनमध्ये 26 जणांना मारलं. त्यातले सहा महाराष्ट्राचे, त्यातले तिघे डोंबिवलीचे. भागशाळा मैदानात त्यांना शेवटचं पाहायला गर्दी लोटली, त्या गर्दीत आत्याही होती. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. सहल अर्थातच रद्द झाली. आम्ही तिची समजूत घालून तिला कोकणात पाठवलं, म्हटलं तिकडे धोका नाही. ज्या खासगी गाडीने ती गेली, तिचा ड्रायव्हर घाटात एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर पिक्चर बघत होता, असं तिने परत आल्यावर सांगितलं.

यंदा तिने पुन्हा काश्मीरचं बुकिंग केलं. आम्ही सगळे जमलो, घसे खाकरले, काळजी व्यक्त केली. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, त्या तिघांच्या घरची माणसं रोज स्टेशनावर दिसतात मला. कामाला जातात. मी काय घरात बसू?"

यावर कुणी काही बोललं नाही. मी आपलं निदान ठिपक्याचं बघावं म्हणून तिचा मोबाइल मागितला. तिचं सिम प्रीपेड, आणि बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड घेऊन देतो म्हटलं तर नको म्हणाली.

परवा ती डोंबिवलीच्या पोस्टात जाऊन पन्नास पैशांची दहा पोस्टकार्डं घेऊन आली आहे. पत्ते घातलेत. 'सुखरूप पोचले' हेही लिहून झालंय. फक्त तारीख टाकायची राहिलीय.