निऱ्यांवरचं सोनं

लेकीची जर्मनीतली रूममेट तुर्कस्तानातल्या कोन्याची. तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं तेव्हा लेकीने फोनवर बजावलं, "आई, स्टीलचा डबा आणू नकोस. तिकडे सोनं देतात."

पुण्यात पत्रिकांवर 'कृपया आहेर आणू नये' छापायला लागल्यापासून मी हात हलवत जाते आणि दोनदा जिलबी घेते. पण तुर्की सराफाकडे लग्नात द्यायची नाणी तयारच असतात. सगळ्यांत रूढ म्हणजे पाव नाणं : 22 कॅरट, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. त्याला लाल रिबीन आणि पिन लावलेली, कारण ते नवरानवरीच्या अंगावरच टोचायचं असतं. भाव चढल्यापासून एक ग्रॅम, अर्धा ग्रॅम अशीही नाणी निघाली आहेत. मी अर्ध्या ग्रॅमची चौकशी केली. लेक दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

कोन्यात मौलाना रूमींचा दर्गा आहे, फिरोजी घुमटाचा. 1927 पासून तिथे संग्रहालय आहे. पाहिला. पाय दुखले.

जेवण मात्र पाहण्यासारखं. एका टेबलाला मटणाच्या भाताची एकच मोठी थाळी, सगळ्यांनी आपापला चमचा घालायचा. भात रंगात आला की मध्येच रव्याचा शिरा. शिऱ्यावर नखाएवढ्या सुक्या भेंड्यांचं आंबट सूप. मला वाटलं जेवण संपलं, तर पुन्हा भात! त्या सुपाने म्हणे पोट नव्याने उघडतं. माझं उघडलं. साडीला ते मानवलं नाही.

लग्न सरकारी माणूस टेबलावर रजिस्टर ठेवून लावतो. 1926 च्या नागरी कायद्यापासून कायद्याच्या लेखी तेच लग्न. माइकमध्ये 'एवेत', म्हणजे 'हो', म्हणताक्षणी नवरीने टाच उचलून नवऱ्याच्या बुटावर दाबली. ज्याचा पाय आधी पडेल त्याचं घरात चालतं. आमच्याकडे हे ठरायला वर्षं जातात.

मग ढोल आणि झुर्ना, म्हणजे आपल्या सनईची कर्कश चुलत बहीण. हलाय सुरू झाला. करंगळीत करंगळी अडकवून रांग करायची, पुढचा रुमाल फिरवतो, बाकीच्यांनी दोन पावलं पुढे, एक मागे, खांदे उडवत. माझ्या डाव्या करंगळीला नवरीची मावशी, उजवीला एक धिप्पाड काका. करंगळी सोडवून घेण्याची सोयच नाही. तिसऱ्या फेरीला पैठणीच्या निऱ्या खाली सरकल्याचं मला कळलं. दोन्ही हात अडकलेले, ढोलाचा वेग वाढलेला, आणि पिनांनी भरलेली माझी पर्स लेकीकडे, लेक रांगेच्या दुसऱ्या टोकाला. मी पोट फुगवून नाचले. समोरून टाळ्या पडल्या.

मावशींच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला रांगेतून ओढून खांबाआड नेलं, माझ्या कमरेचा बटवा उघडला, त्यातलं आहेराचं नाणं काढलं आणि रिबिनीसकट निऱ्यांवर खुपसलं. पिन ती पिन! मी पोटावर सोनं मिरवत बाहेर आले, तोच आहेराची रांग लागली.

माइकवरून नाव आणि वस्तू पुकारत होते. काकांकडून बांगडी, शेजाऱ्यांकडून पाव नाणं. लहानपणी गावच्या लग्नात 'मुलाच्या मामांकडून एकावन्न रुपये' ऐकताना मला लाज वाटायची. इथे कुणालाच वाटत नव्हती, आणि याचा मला विनाकारण राग आला. तेवढ्यात पुकारा झाला, "हिंदुस्तानहून!"

नाणं काढावं तर साडी जाणार, ठेवावं तर अब्रू. मावशी मागून आल्या, निऱ्या मुठीत गच्च धरल्या आणि मान हलवली. मी नाणं नवरीच्या लाल पट्ट्यावर टोचलं. फोटो निघाला. मावशींनी मूठ सोडली नाही. आम्ही दोघी खेकड्याच्या चालीने टेबलाकडे निघालो. त्या तुर्कीत काहीतरी सांगत होत्या, मी मराठीत "हो ना, हो ना" म्हणत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी वळून भाचीकडे पाहिलं आणि मोकळ्या हाताने डोळे पुसले. मग मीही पुसले. मूठ तेवढीच घट्ट होती.

टेबलाशी नवरीचा भाऊ वही घेऊन आला. कुणी काय दिलं याची नोंद ठेवतात, त्यांच्या घरच्या कार्यात तेवढंच परत करायचं म्हणून. आमच्या नावापुढे पाव नाणं लिहून त्याने लेकीला इंग्रजीत विचारलं, "मग तुझं लग्न कधी?"

हाच प्रश्न मी विचारला की फोन कट होतो. मी खुर्ची पुढे सरकवली.

"आई," लेक पर्स उघडत म्हणाली, "तू आधी पिन लाव."